कांदा-लसूण मसाल्याचा एचएस कोड कोणता: ०९१०, २१०३ की २१०६?

प्रश्न थोडक्यात असा. (एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीच्या कागदांवर माल कोणत्या प्रकारचा ते सांगणारा आकडा.) कराडजवळ घरगुती मसाल्याचा उद्योग चालवणाऱ्या एका ताईंना दुबईच्या मराठी दुकानदाराकडून कांदा-लसूण मसाल्याची पहिली मोठी ऑर्डर आली आहे. त्यांच्या सीएंनी जीएसटीच्या बिलासाठी ०९१० हा कोड दिलाय, दुबईचा दुकानदार २१०३ मागतोय आणि कुरिअरचा माणूस म्हणतो, ‘खाण्याचा माल आहे, २१०६ टाका, चालून जातं.’ यातलं बरोबर कोणतं? शंभर किलो मसाल्याचं प्रमाणही त्यांनी कळवलंय: सुकी मिरची ४५ किलो, वाळवून तळलेला कांदा २०, लसूण ८, सुकं खोबरं ९, तीळ आणि खसखस मिळून ४, धणे-जिरे-लवंग-दालचिनी असा खडा मसाला ६, मीठ ५ आणि तेल ३.

ताई, कोडाआधी एक तातडीची गोष्ट. यादीतली खसखस काढा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तिकडे तिचा विचार अमली पदार्थांच्या अंगानं होतो. आपल्याकडे ती अनारशावर पसरतात, पण दुबईच्या कस्टम्सला ते सांगून उपयोग नाही. मसाल्यात दळून गेलीय, दोनच टक्के आहे, ही सबब ऐकली जाईल असं धरून चालू नका. त्रास फक्त मालाला होणार नाही, तो उतरवून घेणाऱ्या दुकानदारालाही होईल. दुबईसाठी वेगळा घाणा काढा, चक्की साफ करून दळा, पाकिटावरची घटकांची यादीही वेगळी छापा. खसखशीऐवजी तीळ वाढवलेत तर कोडात काही फरक पडत नाही.

आता कोड. या प्रमाणाच्या मसाल्याला माझ्या मते २१०३, म्हणजे मिश्र तोंडीलावणं किंवा मिश्र सीझनिंग, हा कोड लागतो. ०९१० चा, म्हणजे मसाल्यांच्या मिश्रणाचा, दावा अगदीच पोकळ नाही, पण कमकुवत आहे. २१०६ चा, म्हणजे ‘इतर खाद्य-तयारी’चा, इथं संबंध येत नाही. कारणं सविस्तर सांगतो, कारण उद्या तुम्ही गोडा मसाला पाठवाल, परवा शेंगदाण्याची चटणी. न्हावा शेवा बंदरात मालाचे कागद करताना मी वर्षानुवर्षं पाहत आलोय की माल उत्तम असतो, पॅकिंग उत्तम असतं आणि कोड मात्र कुणाच्या तरी जुन्या बिलावरून उतरवलेला असतो.

ही आकड्यांची पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची. करार १९८३ चा आणि अंमल १ जानेवारी १९८८ पासून. आज दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात. जगात विकला जाणारा सगळा माल २१ विभागांत आणि ९७ चॅप्टरांत बसवलेला आहे (७७ वा चॅप्टर पुढच्या काळासाठी मोकळा ठेवलाय). पहिले दोन आकडे चॅप्टरचे, चार आकडे झाले की हेडिंग, सहा झाले की सबहेडिंग. हे सहा आकडे जगभर सारखे. त्यापुढचे आकडे ज्या त्या देशाचे. भारतानं १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याची अनुसूची, म्हणजे मालाच्या कोडांची आणि ड्युटीची यादी (हेच टॅरिफ), १९८६ मध्ये या पद्धतीवर आणली आणि २००३ पासून आपण आठ आकडे वापरतो. म्हणून दुबईच्या दुकानदाराचा कोड आणि तुमचा कोड शेवटच्या आकड्यांत जुळत नसेल तर घाबरू नका. पहिले सहा जुळले पाहिजेत. देवगडच्या हापूसला आपल्या टॅरिफमध्ये ०८०४ ५० २१ अशी स्वतःची ओळ आहे, पण ते शेवटचे दोन आकडे आपल्यापुरते. जगाच्या लेखी तो ०८०४ ५० मध्ये पेरू आणि मँगोस्टीनच्या शेजारी बसतो.

कोड काढण्याचे सहा नियम आहेत आणि टॅरिफच्या सुरुवातीलाच ते छापलेले असतात. बहुतेक लोक ते पान उलटून पुढे जातात. पहिला नियम सगळ्यांत महत्त्वाचा: विभागांची आणि चॅप्टरांची नावं फक्त शोधायला सोपं जावं म्हणून दिलेली आहेत, माल कुठे बसतो हे हेडिंगच्या शब्दांवरून आणि विभाग-चॅप्टरांच्या टिपांवरून ठरतं. म्हणजे ‘चॅप्टर ९ चं नाव कॉफी, चहा, माटे आणि मसाले आहे, माझ्या पाकिटावर मसाला लिहिलंय, म्हणून चॅप्टर ९’ हा तर्क कायद्यात चालत नाही. चॅप्टरच्या सुरुवातीला बारीक अक्षरात असलेल्या टिपा म्हणजे कायदा. निम्मे वाद त्या टिपा न वाचल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चॅप्टर ९ च्या पहिल्याच टिपेत आहे. ती माझ्या शब्दांत सांगतो. ०९०४ ते ०९१० या हेडिंगांतले मसाले एकमेकांत मिसळले तर काय? एकाच हेडिंगमधले दोन पदार्थ मिसळले तर मिश्रण त्याच हेडिंगमध्ये राहतं. वेगवेगळ्या हेडिंगमधले मिसळले तर ते ०९१० मध्ये जातं. त्यात मसाला नसलेलं दुसरं काही घातलं, तरी मिश्रणाचं मुख्य स्वरूप मसाल्याचंच राहत असेल तर कोड बदलत नाही. स्वरूप बदललं, तर माल चॅप्टर ९ मधून बाहेर, आणि तो मिश्र तोंडीलावणं किंवा मिश्र सीझनिंग असेल तर २१०३ मध्ये.

हाच क्रम पाळायचा आहे. कारण चॅप्टर २१ ची पहिली टीपही उलट बाजूनं तेच सांगते: ०९०४ ते ०९१० मधले मसाले या चॅप्टरमध्ये येत नाहीत. थेट २१०३ उघडून ‘मिश्र सीझनिंग, हे माझंच’ असं म्हणता येत नाही. आधी चॅप्टर ९ मध्ये बसतो का ते तपासायचं, तिथून बाहेर पडला तरच पुढे.

आता तुमची यादी टॅरिफच्या नजरेनं पाहा. मिरची ०९०४. धणे-जिरे ०९०९, लवंग ०९०७, दालचिनी ०९०६. हे चॅप्टर ९ चे घटक, मिळून ५१ किलो. वाळवलेला कांदा-लसूण एरवी ०७१२ मध्ये येतो, आणि तळला की तिथूनही बाहेर पडतो. खोबरं ०८०१, तीळ १२०७, मीठ २५०१, तेल चॅप्टर १५. हे बाहेरचे, मिळून ४९ किलो.

इथं बरेच जण थांबतात: ५१ विरुद्ध ४९, म्हणजे मसाला जिंकला. पण टिपेत निम्म्याची अट कुठेही नाही. ‘मुख्य स्वरूप’ हे वजनावरूनच ठरतं असं नाही. कोणता घटक मालाला त्याचा गुण देतो, तो कशासाठी वापरला जातो, गिऱ्हाईक त्याच्याकडे काय म्हणून पाहतं, हे सगळं त्यात येतं. या टॅरिफवर जागतिक संघटनेच्या एक्स्प्लनेटरी नोट्स, म्हणजे अर्थ समजावणाऱ्या टिपा, आहेत. त्या स्वतः कायदा नव्हेत, पण आपलं टॅरिफ त्याच पद्धतीवर उभं असल्यामुळे अर्थ लावताना त्यांचा आधार घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या निकालात सांगितलंय. या नोट्समध्ये करी पावडरबद्दल लिहिताना म्हटलंय की हळद, धणे, मिरी, जिरे यांच्या जोडीला लसणाच्या पुडीसारखे, चॅप्टर ९ मध्ये न येणारे पण मसाल्यासारखे वापरले जाणारे पदार्थ त्यात असू शकतात, आणि तरी ती ०९१० मध्येच राहते. म्हणजे लसूण आहे म्हणून माल आपोआप बाहेर पडत नाही. तुमच्या सीएंचा ०९१० इथून आलेला असू शकतो आणि म्हणूनच तो दावा मी पोकळ म्हटला नाही.

पण २१०३ खालची नोट पुढचं सांगते: दुसऱ्या चॅप्टरांतले चवीचे पदार्थ इतक्या प्रमाणात असतील की मिश्रणाला मसाल्याचं मुख्य स्वरूप उरत नाही, तर ते मिश्र सीझनिंग. तुमच्या मसाल्यात लसूण चिमूटभर पडत नाही. तळलेला कांदा, लसूण आणि भाजलेलं खोबरं हेच त्याला इतर मसाल्यांपासून वेगळं करतात. नावही त्यांच्यावरूनच पडलंय. दाटपणा खोबऱ्या-तिळाचा. मीठ-तेल आधीच घातलेलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे लोक तो थोडं तेल घालून भाकरीबरोबर नुसता खातात; लवंग-दालचिनीची पूड असं कुणी खात नाही. वापराचा हा पुरावा माझ्या दृष्टीनं वजनाच्या पुराव्याइतकाच मोलाचा आहे. हे सगळं एकत्र ठेवलं की २१०३ भक्कम होतो. मिरची ७५-८० किलोवर नेली, खोबरं-तेल काढलं, कांदा-लसूण पुडीच्या रूपात पाच-सात किलोच ठेवला, तर मी ०९१० कडे झुकेन. माल बदलला की उत्तर बदलतं, पाकिटावरचं नाव तेच राहिलं तरी.

तुमच्या बाकीच्या मालाचंही यातूनच निघतं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची एकत्र पूड केली तर दोन्ही एकाच हेडिंगमधल्या, म्हणून ०९०४ २२. गोडा मसाल्यात धणे-जिरे-दालचिनी-लवंग भरपूर आणि तीळ-खोबरं बेताचं असेल तर ०९१० ९१, वेगवेगळ्या हेडिंगमधल्या मसाल्यांचं मिश्रण. हळदीची पूड ०९१० ३०. आणि हिंग? आपल्या मिसळणाच्या डब्यातला हिंग टॅरिफमध्ये मसाला नाहीच. तो झाडाचा चीक, म्हणून डिंक-राळेबरोबर १३०१ मध्ये. वाण्याच्या दुकानातल्या मांडणीवरून कोड ठरत नाही, याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२१०६ बद्दल कळकळीनं सांगतो. ‘इतरत्र न नमूद केलेली खाद्य-तयारी’ हे शेवटचं हेडिंग आहे. बाकी सगळी दारं बंद झाली असतील तरच ते उघडायचं. कुरिअरवाल्यांना ते आवडतं कारण तिथं काहीही ढकलता येतं. पण कस्टम्सच्या अधिकाऱ्यालाही ते माहीत असतं, आणि स्पष्ट हेडिंग असताना २१०६ दिसलं की क्वेरी येण्याची शक्यता वाढते. शिवाय २१०६ मध्ये बऱ्याच देशांत ड्युटी जास्त असते, सवलती कमी.

खाण्याच्या मालात आणखी एक गोष्ट सतत नडते: माल किती ‘बनवलेला’ आहे. चॅप्टर ७, ८, ९ कच्च्याच्या जवळचे. १६ ते २१ बनवलेल्याचे. सोललेला काजूगर ०८०१ ३२. तोच भाजून मीठ लावला की २००८ १९. वेंगुर्ला असो की गोवा, मसाला काजू ०८०१ मध्ये बिलिंग केलेले कागद मी आजही पाहतो. टिकाऊपणासाठी हलकी उष्णता दिलेली चालते, चॅप्टर ८ ची टीप तशी मुभा देते. चवीसाठी भाजलं की संपलं. ताजा कांदा ०७०३, वाळवलेला ०७१२. या फरकाची किंमत नाशिकनं नीट पाहिलीय. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठून पुन्हा ४० टक्के, सप्टेंबरात ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क गेलं. हे शुल्क ०७०३ १० वर होतं. त्या काळात लासलगावच्या कांद्याचं भवितव्य ठरवताना हे सहा आकडे किती जड झाले होते, ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. म्हणून कोड म्हणजे ‘फॉर्मवरचा एक रकाना’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पॅकिंग आणि लेबलानं कोड बदलतो का? कधी बदलतो, कधी नाही. याचा सगळ्यांत शिकवणारा वाद खोबरेल तेलाचा. छोट्या बाटल्यांतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानायचं, म्हणजे १५१३, की केसांचं तेल, म्हणजे ३३०५? हा वाद उत्पादन शुल्काचा होता, पण ते टॅरिफही याच पद्धतीवर बेतलेलं, त्यामुळे प्रश्न तोच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मग तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला. उत्पादन शुल्क विभागाचं म्हणणं होतं की लहान बाटली म्हणजे डोक्याला लावायचं तेल. न्यायालयानं ते मानलं नाही. खाद्यतेलही लहान बाटलीत विकलं जातं. ३३०५ मध्ये न्यायचं असेल तर चॅप्टरच्या टिपेप्रमाणे ते केसांसाठी म्हणून विकायला ठेवलंय हे लेबलावरून, पॅकिंगवरून दिसलं पाहिजे. खोबरेल घरात दोन्हीकडे वापरलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाद संपवला तो टिपेतल्या शब्दांनी. तुमच्या पाकिटावर तुम्ही काय छापता, वापर काय सांगता, हे यासाठी जपून ठरवा. ‘भाकरीसोबत खा, भाजी-आमटीत घाला’ असं छापलंत तर ते २१०३ ला पूरकच आहे, आणि खरंही.

दिवाळीच्या सुमारास मला हमखास विचारलं जातं ते फराळाच्या डब्याबद्दल. अमेरिकेतल्या, आखातातल्या मराठी घरांसाठी चकली, चिवडा, लाडू, शंकरपाळे एका खोक्यात. हा एक ‘सेट’ म्हणून एकाच कोडात जाईल का? तिसऱ्या नियमात किरकोळ विक्रीच्या सेटची सोय आहे, पण त्यातले पदार्थ मिळून एकच गरज भागवणारे हवेत. नोट्समध्ये दोन उदाहरणं शेजारी आहेत. कच्ची स्पॅगेटी, किसलेलं चीज आणि टोमॅटो सॉसचा लहान डबा एका खोक्यात: हा सेट, कारण तिन्ही मिळून एकच जेवण. कोळंबी, चीज, सॉसेज असे वेगवेगळे डबे एका खोक्यात: सेट नाही, प्रत्येकाचा कोड वेगळा. फराळाचा डबा दुसऱ्या जातीचा. चकली खाल्ली म्हणून लाडू पूर्ण होत नाही. उलट वाळवलेली मटकी, मसाल्याची पुडी आणि फरसाण असं मिसळीचं किट काढलंत तर ते पहिल्या जातीचं, आणि मुख्य स्वरूप देणाऱ्या घटकाचा कोड सगळ्याला लागू शकतो. मसाला भरून पितळी डबा भेट म्हणून पाठवणार असाल तर डबा वेगळा दाखवा. प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा मालाबरोबर जातात; वर्षानुवर्षं वापरता येणारा शोभेचा डबा जात नाही. नोट्समध्ये चहा भरलेल्या चांदीच्या डब्याबद्दल हेच म्हटलंय.

यंत्रं आणि सुटे भाग हा वेगळाच समुद्र आहे, तुमचा विषय नाही म्हणून एकच सांगतो. दुसऱ्या नियमाप्रमाणे न जोडलेली वस्तूही, तिचं मुख्य स्वरूप आलेलं असेल तर, पूर्ण वस्तूच धरली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस गेली ती या मुद्द्यावर. कस्टम्स विभागाचं म्हणणं, हे जवळजवळ पूर्ण गाडीचे संच होते, ज्यांना ३० ते ३५ टक्के ड्युटी लागते. कंपनीनं ते ५ ते १५ टक्क्यांचे सुटे भाग म्हणून आणले. कंपनीला हे मान्य नाही आणि ती मुंबई उच्च न्यायालयात गेली.

तुमच्या निर्यातीत कोडावर नेमकं काय अवलंबून आहे, ते पाहा. रोडटेपची, म्हणजे निर्यातदाराला कर-शुल्क परत देणाऱ्या योजनेची, रक्कम आठ आकड्यांच्या ओळीवर ठरते. जीएसटीच्या दरांची यादी याच टॅरिफच्या आकड्यांवर चालते. जीएसटी बिलावर लहान उलाढालीला चार आकडे पुरतात, पण निर्यातीच्या बिलावर आठ लागतात. सीएंचा चार आकड्यांचा ०९१० शिपिंग बिलात (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात) तसाच ओढायचा नाही, त्याचं एवढंही एक कारण पुरेसं आहे. भारत आणि अमिरातीचा सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यातली ड्युटीची सवलत हवी असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात बनला याचा दाखला) लागतं आणि त्यावर सहा आकडी कोड असतो. तुमच्या सर्टिफिकेटवर ०९१० आणि दुकानदारानं तिकडे भरलेल्या कागदात २१०३, असं झालं की सवलत अडकते आणि माल बंदरात भाडं खात बसतो. तुमची लवंग-दालचिनी बाहेरून आयात झालेली असू शकते. तेव्हा ‘भारतात बनलेला’ ठरण्याची अटही कोडाप्रमाणे बदलते. पुढे युरोपला पाठवाल तेव्हा तिथंही भारतातून येणाऱ्या मसाल्यांच्या वाढीव तपासणीची यादी कोडानुसारच असते.

चूक झाली तर काय? २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे. कोड तुम्ही जाहीर करता, जबाबदारी तुमची. ‘सीएचएनं (कस्टम्सचे कागद करणाऱ्या एजंटनं) टाकला’ हे उत्तर पुरत नाही. मी स्वतः त्या धंद्यात असून सांगतो, कागदावर सही करण्याआधी कोड कसा काढला हे आम्हाला विचारत जा. मात्र प्रामाणिक मतभेद आणि लपवाछपवी यात कायदा फरक करतो. विशिष्ट वर्गीकरणाचा दावा करणं म्हणजे खोटी माहिती देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या प्रकरणात म्हटलंय. आयातीत कमी भरलेल्या ड्युटीची मागणी साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून वर्णन पूर्ण आणि खरं लिहा. ‘स्पायसेस’ एवढंच लिहून ०९१० टाकलंत आणि सॅम्पलमध्ये निम्मा माल कांदा-खोबरं निघाला, तर तुमच्या बाजूनं बोलायला काही उरत नाही.

माल मोठा असेल, वर्षानुवर्षं जाणार असेल, तर कोड आधीच पक्का करून घेता येतो. कस्टम्सचं ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरण मुंबईत आणि दिल्लीत आहे. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो तीन वर्षं, किंवा कायदा बदलेपर्यंत, अर्जदाराला आणि विभागाला बांधतो. अर्थात भारतातला निर्णय दुबईला बांधत नाही. तिकडच्या आयातीचा कोड तिकडचं कस्टम्स ठरवतं. तुमच्या एका ऑर्डरसाठी याची गरज नाही. अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या कस्टम्सचे असे निर्णय इंटरनेटवर फुकट शोधता येतात. मसाल्याच्या मिश्रणांवरचे वाचा, घटकांची टक्केवारी देऊन निर्णय कसा लिहिला जातो ते कळेल. आणि हे आकडे कायमचे नसतात. साधारण पाच वर्षांनी नवी आवृत्ती येते. चालू आवृत्ती २०२२ ची, पुढची १ जानेवारी २०२८ पासून. तेव्हा सगळे कोड पुन्हा तपासून घ्या.

आत्ता करायचं ते एवढं. एका पानावर मसाल्याचा तपशील लिहा: प्रत्येक घटक, त्याची टक्केवारी, तो कच्चा, वाळवलेला, भाजलेला की तळलेला, शेवटी काय प्रक्रिया, पाकीट किती ग्रॅमचं, वापर काय. खाली कारण लिहा: चॅप्टर ९ टीप १, चॅप्टर ९ बाहेरचे घटक ४९ टक्के, कांदा-लसूण तळलेले, मीठ-तेल घातलेलं, म्हणून २१०३ ९०. तारीख घालून सही करा आणि फाइलला ठेवा. तेच पान दुकानदाराला पाठवा आणि त्याच्या क्लिअरिंग एजंटकडून ‘आम्हीही २१०३ ९० भरणार’ असं ईमेलवर लेखी घ्या, मगच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा अर्ज करा. इन्व्हॉइसवर वर्णन असं टाका: ‘कांदा-लसूण मसाला, मिश्र सीझनिंग, मिरची, तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, मसाले, मीठ व तेलयुक्त, किरकोळ विक्रीच्या पाकिटांत’, अर्थात इंग्रजीत. सीएंना हे पान दाखवून जीएसटीच्या बिलावरचा कोडही २१०३ करून घ्या, नाहीतर तुमच्याच दोन कागदांवर दोन कोड दिसतील. नव्या, खसखस नसलेल्या घाण्याचं प्रमाण हाती आलं की टक्केवारी पुन्हा मांडा. तीळ वाढले आणि बाकी तसंच राहिलं तर २१०३ कायम राहील.